शिशाच्या पोटातला गाळ

१

इम्तियाज नाखव्याची नोकरी ऐकणाऱ्याला हेवा वाटावा अशी होती. कुवेतमध्ये आल्यावर पहिली कित्येक वर्षं त्याने भर उन्हात गच्च्यांवर चढून एसी दुरुस्त केले. आता त्याच एसीच्या गारव्यात बसून तो काचा पुसायचा, पितळ चकचकीत ठेवायचा आणि पाहुणे आले की अदबीने बाजूला उभा राहायचा. मालक बू हमजा. त्याच्या वाडवडिलांची गलबतं खजूर भरून कोकणात आणि मलबारात जायची, तिकडून लाकूड घेऊन यायची. तो धंदा केव्हाच संपला. पण बू हमजाने हौसेने जहाजांच्या जुन्या वस्तू जमवल्या आणि सालमियातल्या घराच्या खालच्या दालनात मांडल्या.

दालनाच्या टोकाला एक काचेचं कपाट फिरंग्यांचं होतं. मिरी-दालचिनीच्या नादाने अर्धी दुनिया पालथी घालत आलेल्या त्या लोकांच्या मागे काय उरलं, तर फुटक्या चिनी ताटल्या, एका तोफेचं तोंड आणि पाण्याचा ठाव घ्यायचं एक शिसं. शिसं म्हणजे वीतभर लांबीचं भरीव वजन, नव्या दोरीने कपाटाच्या छताला टांगलेलं. त्याच्या बुडाला वाटीसारखा खळगा होता.

त्या खळग्याचं काम इम्तियाजला माहीत होतं. दाभोळच्या खाडीकाठी त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या गलबतं हाकणारे तांडेल झाले होते. खळग्यात चरबी भरायची आणि शिसं समुद्रात सोडायचं. ते तळाला टेकलं की हातातली दोरी सैल पडते. वर ओढलं की चरबीला तळाची माती चिकटून येते. ती बघून, हुंगून, जिभेवर ठेवून तांडेल सांगायचा की आपण कुठे आहोत आणि किनारा किती लांब आहे.

एकदा गोऱ्या पाहुण्यांचा एक घोळका आला आणि शिशापाशी येऊन माहिती सांगणारा पोरगा अडखळला. इम्तियाजला राहवलं नाही. त्याने सगळं हातवारे करून सांगितलं. बू हमजा खूश झाला. म्हणाला, पुढच्या आठवड्यात आणखी लोक येणार आहेत, तेव्हा चरबी भरूनच ठेव, म्हणजे लोकांना नीट कळेल.

इम्तियाजने घरून मटणाची चरबी आणली. बायकोने, मुमताजने, ती आपल्या शेगडीवर वितळवून डब्यात भरून दिली होती. ती त्याने खळग्यात दाबून बसवली आणि कपाटाला कुलूप लावलं. तेव्हा त्याला बावाची, म्हणजे वडिलांची, एक सवय आठवली. बावा शिसं घरात आणण्याआधी त्यातली चरबी खरवडून काढायचे आणि खळग्यात राख भरायचे. का, ते त्याने कधी विचारलं नव्हतं. कुवेतमध्ये राख कुठून आणायची, असं म्हणून त्याने तो विचार सोडून दिला. बू हमजाच्या त्याच दालनात रोज संध्याकाळी ऊद जळायचा आणि धूपदाणीतली राख रोज सकाळी इम्तियाजच फेकायचा, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नेहमीसारखे दिवे लावले आणि फडकं घेऊन एकेक कपाट पुसत शेवटच्या कपाटाशी आला. शिशाच्या बुडातून एक थेंब खाली पडला.

त्याने कुलूप काढलं. खळग्यातल्या चरबीला हिरवट करडा, लोण्यासारखा मऊ गाळ चिकटला होता. ओला होता आणि गार होता.

माणूस अशा वेळी आधी आपल्याच डोक्यावर विश्वास ठेवतो. त्याला वाटलं, एसीचं पाणी ठिबकलं असेल. पण वर पाइप नव्हता आणि काच कोरडी होती. मग वाटलं, कुणीतरी चेष्टा केली. पण किल्ली त्याच्याच खिशात होती आणि दुसरी बू हमजाच्या तिजोरीत. त्याने गाळ टिशूने पुसला, नवी चरबी भरली आणि हात धुतले. बोटांना वास राहिला. तो या किनाऱ्याचा वास नव्हता. जाळं खोलातून वर येतं तेव्हा येतो तसला वास होता.

पुढच्या सकाळी गाळ नव्हता. शिंपल्यांचा चुरा होता, जाडाभरडा, त्यात मोत्याच्या शिंपीचे चमकणारे तुकडे.

कुणी बघत नाही असं पाहून इम्तियाजने त्यातला कण जिभेवर ठेवला. लहानपणी बावा होडीत बसून त्याला असंच चाखायला लावायचे. आणि इतक्या वर्षांनीही जिभेने उत्तर दिलं. खोल पाणी मागे पडलं, आता मोती काढायच्या उथळ जागा आल्या. म्हणजे काल जे कुठेतरी लांब होतं, ते रात्रीतून किनाऱ्याकडे सरकलं होतं. त्याला त्या क्षणी भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटला.

३

बू हमजाच्या ऑफिसचे हिशेब सांभाळणारा अनुप पुण्याचा होता. कशालाही पटकन हो म्हणायचं नाही, हा त्याचा स्वभाव. इम्तियाजचं बोलणं ऐकून त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"इम्तियाजभाई, कॅमेरा लावलाय ना तिथे? मग भुताखेतांच्या गोष्टी कशाला? रेकॉर्डिंग बघू."

दोघं जेवणाच्या सुट्टीत संगणकापुढे बसले. पडद्यावर रिकामं दालन, मंद दिवा, कपाट. शिसं दोरीला सरळ लटकलेलं. अनुप पुढे पुढे पळवत गेला. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही.

"थांब, जरा मागे घे," इम्तियाज म्हणाला.

अनुपने मागे घेतलं. शिसं जागच्या जागी होतं, खाली फळीपर्यंत चांगली हातभर मोकळी जागा होती. आणि तरीही ताणलेली दोरी हळूच सैल पडली. तिला मध्ये बाक आला. शिसं तसंच अधांतरी राहिलं, खालून कुणीतरी तळहात लावून धरल्यासारखं. मग दोरी पुन्हा ताठ झाली.

अनुपने ते पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

"व्हिडिओत गडबड असणार," तो शेवटी म्हणाला. "जुना कॅमेरा आहे." पण त्याने चहा तसाच ठेवला आणि त्या दिवसानंतर तो दालनातून ये-जा न करता मागच्या दाराने जाऊ लागला.

इम्तियाज जागेवरून उठला नाही. दोरी सैल का पडते हे त्याला चांगलं माहीत होतं. शिसं तळाला टेकलं होतं.

४

महबूलातल्या त्यांच्या इमारतीत नाखव्यांचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. रस्त्यापलीकडे समुद्र. मुलगी जवेरिया नववीत. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि कोकणीत विचारलं तर हसायची. इम्तियाजला त्याचं फार वाईट वाटायचं. बावांकडून आलेलं सगळं आपल्यापाशीच संपणार, असं तो मुमताजला म्हणायचा.

त्या संध्याकाळी त्याने टिशूत बांधून आणलेला शिंपल्यांचा चुरा जेवणाच्या टेबलावर उघडला.

"हा काय हाय?" मुमताजने विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. मुमताजने ऐकून घेतलं आणि भात वाढला. "कुणीतरी मजा करताय तुमची. त्या मालकाला सांगा आणि मोकळे व्हा." मग जरा थांबून म्हणाली, "चरबी आपल्या घरची होती. बाहेरनं घ्यायला हवी होती."

जवेरियाने मात्र बोट पुढे केलं, कण उचलला आणि जिभेवर ठेवला. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"अब्बा, दिस इज नॉट अवर बीच," ती म्हणाली. "हे बाहेरचं आहे. खूप बाहेरचं नाही."

इम्तियाजचा घास हातातच राहिला. मग त्याला इतका आनंद झाला की तो उठून मीठ, वाळू, कुंडीतली माती, जे हाताला लागेल ते आणून तिच्यापुढे मांडू लागला. ती डोळे मिटून ओळखत गेली. एकदाही चुकली नाही. मुमताज ओरडली, पोरगी आजारी पडेल म्हणून, पण बापलेक कुणाचं ऐकतायत.

पुढचे काही दिवस तो रोज टिशू घेऊन घरी यायचा. आली ती बारीक पांढरी वाळू. मग आला काळा, वास मारणारा चिखल, त्यात प्लास्टिकच्या दोऱ्याचं टोक. तो चाखल्यावर जवेरियाने खिडकीतून रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

"ते तिथलं."

"जवळ येतंय, नाय?" इम्तियाज म्हणाला. तिला विचारलं की स्वतःला, ते त्यालाही कळलं नाही. आनंद मात्र तिथेच संपला.

५

पाहुणे यायचे त्या सकाळी खळग्यात काथ्याचे तंतू होते आणि एका निळ्या फरशीचा टवका.

ती फरशी ओळखायला चाखावं लागत नव्हतं. त्याच्या इमारतीच्या प्रवेशद्वारात तसल्या निळ्या फरश्या होत्या, आणि लिफ्टबाहेर, दारांपुढे काथ्याची पायपुसणी होती.

आणि मग, खूप उशिरा, बावांची गोष्ट त्याला पूर्ण आठवली. घरात ती अर्धीच सांगत. फिरंगी खाडीच्या तोंडाशी आले होते आणि त्यांना वाट दाखवायला माणूस हवा होता. त्यांनी नाखव्यांच्या एका पूर्वजाला नेलं, तो परत आला नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. पण बावांनी एकदा होडीत, कुणी नसताना, उरलेली अर्धी सांगितली होती. नेमका माणूस त्यांना कसा सापडला? त्यांनी शिसं वर ओढलं आणि त्याच्या बुडातली माती किनाऱ्यावरच्या माणसांपुढे धरली. बाकीचे गप्प राहिले. एकाने ती कुठली ते बरोबर सांगितलं.

"कळला तरी बोलू नये," बावा म्हणाले होते. "जो सांगतो त्याला नेतात."

इम्तियाजने आपल्या हाताने आपल्या पोरीला सांगायला शिकवलं होतं.

त्याने चरबी नखाने खरवडून काढली. धूपदाणीतली राख मूठभर घेतली आणि खळग्यात ठासून भरली. बू हमजाने दारातून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"शिनू हादा? हे काय? पाहुणे येतायत आणि तू राख भरतोस?"

"तब्येत बरी नाही, घरी जातो," इम्तियाज म्हणाला आणि परवानगीची वाट न बघता निघाला. नोकरी जाईल, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द होईल, हे त्याला दिसत होतं. पण मुलगी शाळेतून दुपारी घरी येते, एवढंच डोक्यात होतं.

६

बाहेर धूळ उठली होती. सगळं शहर तपकिरी झालं होतं, गाड्या दिवे लावून रांगत होत्या आणि त्याला पोचायला दुपार झाली. घरी मुमताज स्वयंपाकघरात होती. जवेरिया आपल्या खोलीत टेबलाशी गृहपाठ करत बसली होती, दाराकडे पाठ करून.

मधल्या बोळात इम्तियाजचा पाय घसरला. त्याने खाली पाहिलं. फरशीवर एक गोल ओला डाग होता, शिशाच्या बुडाएवढा, मधोमध चरबीचा मंद तवंग. थोडं पुढे दुसरा. त्यापुढे तिसरा. डाग दारातून आत आले होते आणि जवेरियाच्या खोलीकडे गेले होते.

"मुमताज, इथे पाणी कुणी सांडला?"

"नाय सांडला कुणी," ती आतूनच म्हणाली.

तेवढ्यात खोलीतून आवाज आला. थप्. जड वस्तू फरशीवर हळूच टेकवल्यासारखा. आणि त्यामागून वरून, छताच्या वरून, कुणीतरी लांब सूर लावून काहीतरी विचारलं. शब्द कुठल्याच ओळखीच्या भाषेतले नव्हते. त्यांच्या घरावर गच्ची होती आणि गच्चीला कुलूप होतं.

जवेरियाने मान वर केली नाही. पेन चालूच होतं.

"रेती," ती म्हणाली. "बारीक रेती हाय. घरान आणलेली."

ते अस्सल कोकणीत होतं. बावांच्या हेलात. ज्या मुलीला कोकणीतून पाणी मागता येत नव्हतं, ती बोलत होती.

थप्. आता तिच्या खुर्चीच्या अगदी मागे. नवा डाग उमटला आणि इम्तियाजने तो उमटताना पाहिला. त्याच्यावर हवेत काहीच नव्हतं. फक्त तिच्या मानेवरचे केस एका बाजूला सरकले, वरून खाली आलेली दोरी त्यांना घासून गेली असावी तसे.

वरून पुन्हा विचारणा झाली.

जवेरियाने तोंड उघडलं आणि इम्तियाज तिच्याआधी ओरडला.

"गाळ! हिरवा गाळ! पाणी खोल हाय!"

खोटं होतं ते. पण वरचा आवाज थांबला. कुणीतरी कान देत होतं. इम्तियाजने आत धावून पोरीच्या तोंडावर हात ठेवला. एवढ्यानं भागणार नाही, हे त्याला उमगलं. खोटं सांगणारा त्यांच्या कामाचा नव्हता, ते पुन्हा तिलाच विचारणार होते. त्यांना बरोबर सांगणारा हवा होता.

म्हणून त्याने खाली वाकून तो ओला डाग बोटाने पुसला आणि बोट जिभेवर ठेवलं.

"घर," तो म्हणाला. "माझा घर. आता मना विचारा. मी सांगतो."

थप्. डाग त्याच्या पायाशी उमटला.

७

तो दाराबाहेर पडला आणि डाग त्याच्यामागे आले. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थप् व्हायचं, वरून विचारणा व्हायची आणि तो सांगायचा. काथ्या. सिमेंट. निळी फरशी. रस्त्यावर धुळीत गाड्या हॉर्न वाजवत बाजूने जात होत्या आणि तो डांबर, डांबर असं पुटपुटत समोरच्या किनाऱ्याकडे चालला होता. ओळखीचा बकालावाला, म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी, दुकानातून बघत होता. त्याला वाटलं असेल, इम्तियाजभाईंना ऊन लागलं.

वाळू आली तेव्हा फोन वाजला.

"खय हाव तुमी?" मुमताजने विचारलं. "पोरगी थरथरत्येय. इंग्रजीत काय काय बोलत्येय."

"इंग्रजीत?" इम्तियाजला एवढं बरं वाटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरा झाला. तिला चूळ भरायला लाव. पुन्हा पुन्हा भरायला लाव. आणि ऐक. दार लावून घे. मी आलो तरी लगेच उघडू नको. आधी विचार, पायाखाली काय हाय म्हणून. मी चुकीचा सांगितला तर उघड."

"आणि बरोबर सांगितला तर?"

"तर उघडू नको. तर ते अजून माझ्या मागे असतील, त्यांच्यापुढे आता मना खोटा बोलता यायचा नाय."

त्याने बूट काढले आणि पाण्यात उतरला. वर बघायचं नाही, हे त्याने ठरवलं होतं. पण धुळीतून उजेड जरा पिवळा झाला आणि त्याच्या पुढ्यातल्या पाण्यावर एक सावली पडली. उंच होती, पाठीमागून पडली होती, आणि तिच्यातून एक सरळ काळी रेघ त्याच्या पावलांपर्यंत आली होती. पाणी गुडघ्याएवढं होतं. तेवढ्या पाण्यात तेवढं मोठं काही तरंगू शकत नाही, असं त्याच्या डोक्याने त्याला सांगितलं.

"काळा चिखल," तो म्हणाला आणि पुढे गेला. "पांढरी वाळू." पाणी छातीशी आलं तेव्हा विचारणा थांबली. सावली गेली. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. काही झालं नाही. मग तो मागे फिरला.

संध्याकाळी ओल्या कपड्यांनी जिना चढताना त्याने मागे वळून वळून पाहिलं. पायऱ्या कोरड्या होत्या. मनात त्याने उत्तर घोकून ठेवलं होतं. गवत. पायाखाली गवत हाय, असं सांगायचं. साधी गोष्ट.

त्याने दार वाजवलं. आत पावलं धावत आली, दोघींची. कडीवर हात पडल्याचं ऐकू आलं आणि मग मुमताजचा आवाज, दाराला अगदी चिकटून.

"पायाखाली काय हाय?"

इम्तियाजने गवत म्हणायला तोंड उघडलं.

"काथ्या," तो म्हणाला. "त्याखाली फरशी. फटीत पोरीच्या बांगडीचा चमका हाय, ईदचा."

मग जवेरियाचं रडणं आलं, "अम्मी, ओपन इट, इट्स अब्बा," आणि मुमताजने कडीवरचा हात काढून घेतल्याचं ऐकू आलं. कडी सरकली नाही.

शहाणी बायको, असं त्याला वाटलं, आणि त्याचा जीव इतका भरून आला की त्याने कपाळ दाराला टेकवलं. बावांच्या घरात सगळे म्हणायचे, फिरंग्यांनी त्या पूर्वजाला नेलं. आता इम्तियाजला वाटलं, नेलं नसेल. मागे घरं होती, पोरंबाळं होती. तो आपणच पुढे झाला असेल, आणि त्यांना खाडीबाहेर घेऊन गेला असेल.

त्याच्या मागे, जिन्यात, काहीतरी जड हळूच टेकलं.

इम्तियाजने दारावरून हात काढला. तो वळला आणि खाली उतरू लागला, घरात ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात एकेक पायरी सांगत.